वाकड्या मानेचं कबूतर आणि मेंदूतले परजीवी

मान पार उलटी करून आभाळाकडे बघत बसलेलं कबूतर. दाणा समोर असताना ते त्याच्या बाजूला चोच मारतं आणि उचलायला गेलं की एकाच दिशेनं गरगर फिरतं. असा पक्षी हाती आला की बहुतेक लोक दोनपैकी एक निदान करून मोकळे होतात: मार लागलाय, नाहीतर डोक्यात जंत गेलेत. दोन्ही गोष्टी खरोखर घडतात. पण वाकड्या मानेवरून कळतं ते इतकंच, की बिघाड छोट्या मेंदूत, मेंदूच्या देठात किंवा आतल्या कानात आहे. तो कोणी केला हे मान सांगत नाही. विषाणू, शिसं, कीटकनाशक, काचेवरची धडक, एकपेशीय परजीवी, अळी या सगळ्यांचं चित्र बाहेरून जवळजवळ सारखंच दिसतं.

मेंदूत परजीवी सापडणं ही एक गोष्ट आणि त्या परजीवीमुळे पक्षी आजारी पडणं ही दुसरी. घोटाळा होतो तो या दोहोंमध्ये, म्हणून खाली निदानाला बरीच जागा दिली आहे.

आधी बर्लिनची कबुतरं

या विषयातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सार्कोसिस्टिस कॅल्कासी. बर्लिनमधल्या कबुतरांत मेंदूच्या दाहाचा एक वेगळाच आजार लक्षात आला आणि त्यामागच्या या आदिजीवाचं (एकपेशीय परजीवीचं) वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कबुतरांतही सापडला.

त्याचं जीवनचक्र दोन यजमानांत, म्हणजे तो ज्यांच्या अंगात राहतो अशा दोन प्राण्यांत, विभागलेलं आहे. बाज, म्हणजे नॉर्दर्न गॉसहॉक, हा अंतिम यजमान आणि कबूतर मधला. बाजाच्या आतड्यात परजीवीचं लैंगिक पुनरुत्पादन होतं आणि विष्ठेतून स्पोरोसिस्ट, म्हणजे संसर्ग पसरवणाऱ्या बारीक कुप्या, बाहेर पडतात. ते दाण्यापाण्यातून कबुतराच्या पोटात जातात, तिथून अंगभर पसरून वाढतात आणि शेवटी स्नायूंमध्ये पुट्या (परजीवींनी भरलेल्या पिशव्या) करून बसतात. बाजानं ते कबूतर खाल्लं की चक्र पुरं झालं. बर्लिनमध्ये बाज भर शहरातल्या बागांमधून घरटी करतात आणि कबुतरांवर जगतात, त्यामुळे तिथे या चक्राला काहीच कमी पडत नाही.

आजार दोन टप्प्यांत येतो. संसर्गानंतर साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी पक्षी मलूल होतो, पातळ पाण्यासारखी विष्ठा टाकतो. मग बहुतेक वेळा तो सावरल्यासारखा दिसतो. खरा तडाखा सुमारे दोन महिन्यांनी बसतो: मान वाकडी, अंग थरथरतं, पंख लुळे पडतात, डोकं मागे पाठीवर टेकतं. तोवर पहिल्या टप्प्यातला तो मलूलपणा कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. पाळलेल्या कबुतरांच्या मालकाला 'गेल्या आठवड्यात काही वेगळं खाल्लं का?' असं विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. विचारायचं ते दोन महिन्यांपूर्वीचं.

खरी गंमत सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पातळ कापात दिसते. दाह भयंकर असतो, पेशी मेलेल्या असतात, रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींचे थर साचलेले असतात, आणि ज्यानं हे सगळं केलं तो परजीवी मात्र शोधून सापडत नाही. कापामागून काप तपासावेत तेव्हा कुठे एखादा शायझॉन्ट (परजीवीचं विभागून वाढणारं रूप) हाती लागतो. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की दुसऱ्या टप्प्यातली नासधूस मुख्यतः पक्ष्याच्या स्वतःच्या उशिरा भडकलेल्या प्रतिकारशक्तीची आहे. मान वाकडी झाल्यावर परजीवीविरोधी औषध देऊन फारसा उपयोग होत नाही, त्याचं कारणही हेच. औषधाला मारण्यासारखं तिथे फार काही उरलेलंच नसतं.

अशा वेळी पुरावा मेंदूऐवजी छातीच्या आणि पायाच्या स्नायूंत शोधायचा. तिथे केसाएवढ्या बारीक, १ ते २ मिलिमीटर लांबीच्या पुट्या असतात. मेंदूचा दाह आणि स्नायूंतल्या पुट्या एकत्र दिसल्या आणि पीसीआरनं (डीएनए चाचणीनं) जात पक्की झाली, की निदान भक्कम. नुसत्या पुट्यांवर मात्र विसंबू नये. सार्कोसिस्टिसच्या निरुपद्रवी जातींच्या पुट्या रानपक्ष्यांच्या स्नायूंत अगदी नेहमी सापडतात.

याचाच भाऊबंद सार्कोसिस्टिस फाल्कॅट्युला अमेरिका खंडात ओपॉसम या पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याच्या विष्ठेतून पसरतो. तो मुख्यतः फुप्फुसं धरतो, पण घुबडं आणि गरुड यांच्यात त्यामुळे मेंदूचा दाह झालेला नोंदला आहे. त्याचे स्पोरोसिस्ट झुरळंही वाहून नेतात. पिंजऱ्याला ओपॉसमपासून कितीही बंदोबस्त केला आणि झुरळं मोकळी सोडली, तर बंदोबस्त वाया गेला म्हणून समजा. ऑस्ट्रेलिया-आशियाकडच्या पोपटांना हा संसर्ग फार लवकर मारतो. अमेरिकेतल्या पोपटांचा त्याच्याशी जुना परिचय असल्यामुळे ते बऱ्यापैकी तग धरतात.

चुकीच्या घरात शिरलेले

रॅकून या उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्याच्या आतड्यात राहणारा गोलकृमी, बेलिसॅस्कॅरिस प्रोसायोनिस, रॅकूनला फारसा त्रास देत नाही. एक मादी रोज लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी घालते. रॅकून ठराविक जागीच विष्ठा टाकतात आणि त्या विष्ठेत न पचलेलं धान्य असतं. ते टिपायला पक्षी येतात. ताजी अंडी धोक्याची नसतात. आत अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मात्र एकदा तयार झाली की ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पक्ष्याच्या आतड्यात अंडं फुटलं की अळी बाहेर पडते आणि अंगभर हिंडू लागते. इतर कृमींच्या अळ्यांपेक्षा ही वेगळी पडते ती एका गोष्टीत: हिंडता हिंडता ती वाढत राहते आणि दीड-दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचते. लहान पक्ष्याच्या मेंदूत असली एकच अळी गेली तरी जीव जायला पुरे.

या अळीमुळे निदानात एक हमखास फजिती होते. काप घेतला त्या जागी अळी नसते. ती पुढे निघून गेलेली असते आणि मागे मऊ पडलेल्या ऊतीचा, रक्तस्रावाचा आणि दाहपेशींचा माग ठेवून जाते. म्हणून मेंदूचा एक भाग काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये हलकेच दाबून सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनाखाली आख्खा बघावा. जिवंत अळी असेल तर वळवळताना दिसते आणि कापात निसटलेली तिथे सापडते.

बदकांचा ट्रायकोबिल्हार्झिया रेजेंटी मात्र वाट चुकलेला नाही. मज्जासंस्था हाच त्याचा ठरलेला रस्ता आहे. या चपट्या कृमीचं वर्णन १९९८ मध्ये झालं. पाण्यातल्या रॅडिक्स गोगलगाईंमधून सर्केरिया या पोहणाऱ्या अळ्या बाहेर पडतात, बदकाची कातडी भेदतात, जवळच्या नसांमध्ये शिरतात, तिथून मज्जारज्जूत आणि मग मेंदूकडे सरकतात. वाटेत मज्जाऊती खाऊनच त्या वाढतात. शेवटचा मुक्काम नाकाच्या अस्तरात असतो. तिथेच अंडी घातली जातात, ती तिथेच उबतात आणि बदकानं पाणी प्यायला चोच बुडवली की मिरासिडिया, म्हणजे अंड्यातून निघालेल्या अळ्या, पाण्यात उतरतात. संसर्ग मोठा असेल तर पाय लुळे पडतात, तोल जातो. मेलेल्या बदकात तो शोधायचा तर नाकाचं अस्तर सोलून बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात फाडावं आणि उजेडासमोर धरून पोहणारे मिरासिडिया बघावेत. मात्र हे पक्षी ताजा असतानाच जमतं. अस्तर फॉर्मेलिनमध्ये गेलं की ही युक्ती संपली.

चँडलरेला क्विस्काली या सूत्रकृमीचं प्रकरण आणखी निराळं. उत्तर अमेरिकेतल्या कॉमन ग्रॅकल या पक्ष्याच्या मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये प्रौढ कृमी राहतात आणि पक्ष्याला त्याचं विशेष काही वाटत नाही. क्युलिकॉइड्स चिलटांमार्फत तोच कृमी इमूच्या पिल्लात गेला, की मान वाकडी, चाल बिघडलेली, आणि पुढे मृत्यू. मेंदूत कृमी दिसला म्हणून आजाराचं खापर लगेच त्याच्यावर फोडू नये, याचं याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही.

रक्तवाहिन्यांची अडचण

पक्ष्यांचा मलेरिया लाल पेशींतला आजार म्हणून सगळ्यांना ठाऊक असतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात डासामार्फत मलेरिया कसा फिरतो ते पक्ष्यांवरच दाखवून दिलं होतं. पण प्लास्मोडियम या मलेरियाच्या परजीवीच्या काही जाती लाल पेशींबाहेर, केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींतही वाढतात. या वाढलेल्या रूपांनी, म्हणजे मेरॉन्टनी, मेंदूतल्या केशवाहिन्या तुंबल्या की पक्षी झटके येऊन मरतो. अशा वेळी रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी अगदी तुरळक असू शकतात. 'रक्त बघितलं, फारसं काही नाही, म्हणजे मलेरिया नव्हे' हा निष्कर्ष इथे साफ फसतो. यावर सोपा उपाय आहे. मेंदूच्या वरच्या थराचा मिलिमीटरभर तुकडा काचपट्टीवर चिरडून पातळ पसरावा, वाळवावा, मिथेनॉलमध्ये स्थिर करून गिम्सा रंग द्यावा. तुंबलेल्या केशवाहिन्या रांगेत दिसतात.

उलट्या बाजूची चूकही होते. मेंदूच्या तुकड्यावर प्लास्मोडियमचा किंवा त्याच्या नात्यातल्या हिमोप्रोटिअसचा पीसीआर 'होकारार्थी' आला म्हणून मेंदूचा मलेरिया ठरत नाही. मेंदूत रक्त असतंच, आणि रक्तात थोडेफार परजीवी असलेले रानपक्षी ढिगानं असतात. ऊतीत मेरॉन्ट आणि त्यांच्याभोवती बिघाड दिसल्याशिवाय ते नाव लिहू नये.

टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर आधीच पुष्कळ लिहिलं गेलंय. अंतिम यजमान फक्त मांजरकुळातले प्राणी. त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडलेले ऊसिस्ट (परजीवीच्या कवचबंद अवस्था) १ ते ५ दिवसांत संसर्गक्षम होतात. बऱ्याच पक्ष्यांत, विशेषतः शिकारी पक्ष्यांत, मेंदूतल्या पुट्या आयुष्यभर गप्प बसून असतात. ज्या बेटांवर मूळची मांजरं नव्हती तिथले पक्षी मात्र सहज बळी पडतात. हवाईतला अलाला हा कावळा आणि नेने हा हंसकुळातला पक्षी, न्यूझीलंडमधला केरेरू हे मोठं कबूतर या सगळ्यांत टॉक्सोप्लाझ्मानं झालेले मृत्यू नोंदले आहेत.

परजीवी नसतानाही असंच दिसतं

कबुतरांत वाकडी मान दिसली की मी परजीवीच्या आधी पॅरामिक्झोव्हायरस या विषाणूचा विचार करावा असं म्हणेन. पातळ पाण्यासारखी विष्ठा, दाणा चुकणं, थरथर, मान फिरणं, सगळं हुबेहूब जुळतं. एकाच थव्यातले बरेच पक्षी थोड्या दिवसांच्या अंतरानं पडत असतील तर विषाणूकडे पारडं झुकतं. धडकेचा पक्षी अचानक सापडतो, बिघाड अनेकदा एका बाजूला असतो आणि २ ते ३ दिवसांत सुधारणा दिसू लागते. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट कीटकनाशकांच्या विषबाधेत लाळ आणि झटके येतात आणि काही तासांत निकाल लागतो. शिशाच्या विषबाधेत पक्षी रोडावलेला, विष्ठा हिरवीगार, पंख ढिले. पाणपक्षी आणि शिकारी पक्ष्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लू विसरून चालत नाही. अमेरिकेत १९९४ पासून गरुड आणि कूट नावाचे पाणपक्षी मेंदूच्या एका विचित्र आजारानं मरत होते. पाणवनस्पतीवर वाढणाऱ्या एका सायनोबॅक्टेरियाचं विष त्यामागे आहे हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. तोवर त्याच्यावर परजीवीचाही संशय घेऊन झाला असेल तर नवल नाही.

मेंदू काढायचा कसा

एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेले असतील, किंवा पाणपक्षी-शिकारी पक्षी असेल, तर स्वतः उघडू नका. आख्खा पक्षी दुहेरी पिशवीत बंद करून थंड ठेवा आणि तपासणीच्या सोयी असलेल्या प्रयोगशाळेकडे द्या. इतर वेळीही हातमोजे, एन९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. उघडण्याआधी घसा आणि अवस्कर (विष्ठेची वाट) या दोन्ही ठिकाणचे स्वॅब घेऊन ठेवा.

पक्षी ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. गोठवलेल्या मेंदूत बर्फाचे स्फटिक होतात आणि वितळल्यावर ऊतीला भोकं पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही भोकं खऱ्या आजारातल्या पोकळ्यांसारखी दिसतात आणि बघणारा नाहक फसतो. २४ तासांत काम उरकलं तर उत्तम, ४८ तासांनंतर मेंदू लापशीसारखा होऊ लागतो.

डोकं मानेच्या पहिल्या मणक्यापाशी वेगळं करा आणि कातडी पुढे सोलून काढा. मागच्या मोठ्या छिद्रातून, म्हणजे जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो तिथून, बारीक वाकडी कात्री घाला. कानाच्या वरून डोळ्याच्या खोबणीपर्यंत दोन्ही बाजूंनी कवटी कापत जा आणि शेवटी पुढे आडवा छेद द्या. कात्रीचं टोक कायम कवटीच्या आतल्या बाजूला टेकलेलं, वर उचललेलं असावं. खाली झुकलं की छोटा मेंदू फाटतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. कवटीची टोपी उचला, डोकं उलटं धरा, डोळ्यांच्या नसा कापत गेलं की मेंदू स्वतःच्या वजनानं खाली येतो. चिमट्यानं ओढू नका. चिमणीएवढ्या पक्ष्यात ही खटपट करू नये: कातडी सोलून कवटीला वर एक खिडकी पाडा आणि आख्खं डोकं फॉर्मेलिनमध्ये टाका.

मोठ्या पक्ष्याच्या मेंदूचे मध्यातून उभे दोन भाग करा. एक भाग १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, ऊतीच्या किमान दहापट द्रवात, ४८ तास. दुसरा भाग निर्जंतुक नळीत उणे २० किंवा शक्य असल्यास उणे ८० अंशांवर. पुढेमागे फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावरही पीसीआर करायचा असेल तर ४८ तासांनंतर तो ७० टक्के इथेनॉलमध्ये हलवा. फॉर्मेलिनमध्ये जितका जास्त काळ राहील तितका डीएनए तुटत जातो. सोबत छातीच्या आणि मांडीच्या स्नायूचे सेंटिमीटरभर तुकडे, हृदय, फुप्फुस, यकृत, प्लीहा आणि मज्जारज्जूचा एक भाग घ्या. हृदयातल्या रक्ताच्या दोन पातळ काचपट्ट्याही करा. कृमी दिसला तर तो फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. सलाइनमध्ये धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.

कापांची जागा सांगून घ्या: मोठा मेंदू, दृष्टिखंड, छोटा मेंदू, मेंदूचा देठ, या प्रत्येकाचा किमान एक. मोठ्या मेंदूच्या एकाच कापावर 'परजीवी नाहीत' असा अहवाल आला तर त्याला फार किंमत देऊ नये. साध्या रंगक्रियेत टॉक्सोप्लाझ्मा आणि सार्कोसिस्टिस यांची गल्लत होते, आणि प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्याही कधीकधी दोघांना सारखाच रंग देतात. शेवटचा शब्द पीसीआर आणि डीएनएच्या क्रमनिर्धारणाचा.

जिवंत पक्षी हाती असेल तर

निदान होईपर्यंत तो इतरांपासून वेगळा ठेवा. सार्कोसिस्टिस कॅल्कासी एका कबुतराकडून दुसऱ्याला लागत नाही, मधे शिकारी पक्षी लागतोच. पण पॅरामिक्झोव्हायरस लागतो, आणि दोन्ही दिसायला सारखे. पिंजऱ्यात उंच बसायची जागा नको, तळाशी घसरणार नाही असं कापड हवं. टॉवेलचं कडं करून त्यात पक्षी बसवला की डोकं टेकायला जागा मिळते. उजेड मंद, आवाज कमी. सपाट ताटलीत दाणे टाकले तर तो टोचा मारत राहतो आणि उपाशी मरतो. चार-पाच सेंटिमीटर खोल भांडं दाण्यांनी काठोकाठ भरा, म्हणजे चोच कुठेही पडली तरी काहीतरी हाती लागतं. रोज त्याच वेळी वजन करा. मान उलटी असलेल्या पक्ष्याला नळीनं भरवताना अन्न श्वासनलिकेत जायचा धोका मोठा असतो. हे काम सराव असलेल्या माणसानंच करावं.

औषधांचा डोस पक्षीवैद्यानं ठरवायचा, पण दोन धोके माहीत असावेत. कबुतरांना आणि होल्यांना फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही जंतांची नेहमीची औषधं अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला विषारी ठरू शकतात. 'जंत असतील' म्हणून अंदाजानं दिलेला डोस जंतांआधी पक्ष्याला संपवू शकतो. दुसरं म्हणजे स्टेरॉइड. दाह कमी व्हावा म्हणून ती द्यायचा मोह होतो, पण पक्ष्यांत प्रतिकारशक्ती दबली की अ‍ॅस्परजिलस बुरशी फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या व्यापते.

असे मेलेले पक्षी पिंजऱ्यातल्या शिकारी पक्ष्यांना खाऊ घालू नका. उणे १२ अंशांखाली नीट गोठवलं तर टॉक्सोप्लाझ्माच्या मांसातल्या पुट्या मरतात, पण विषाणूंना त्यानं काही होत नाही. कबुतरखान्याला वरून जाळीऐवजी भरीव छप्पर असावं, म्हणजे शिकारी पक्ष्याची विष्ठा दाण्यात पडत नाही. रॅकूनचा वावर असलेल्या भागात दाणे जमिनीवर टाकू नयेत. विष्ठेची जागा सापडली तर ब्लीच ओतून काही साधत नाही, बेलिसॅस्कॅरिसची अंडी ब्लीचनं मरत नाहीत. विष्ठा ओली करून, मास्क लावून, खरवडून काढायची आणि जाळायची, आणि त्या जागेवर उकळतं पाणी ओतायचं. पाणी पुरेसं आणि खळखळ उकळतं हवं, कारण मातीवर पडल्यावर ते झपाट्यानं निवतं.